इंजिनचे कव्हर चमकवा, पण पॅकिंग सांभाळून

जळगाव-धुळ्याच्या कष्टकरी घरात मोटारसायकल म्हणजे एक कमावते माणूसच. एमआयडीसीतल्या पाळीला तीच नेते, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर तीच सोडते. ती एक दिवस बंद पडली की कामावर खाडा पडतो. इंजिनच्या बाजूची ॲल्युमिनियमची कव्हरे घरीच काढून आरशासारखी लख्ख करण्याची हौस आपल्या तरुणांत बरीच दिसते. हौस वाईट नाही. हाताला वळण लागते, मजुरीही वाचते. पण कव्हराचे खरे काम शोभेचे नाही. इंजिनातले तेल आत आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवणे, हे त्याचे काम. ते बिघडले तर चकाकी काय कामाची?

कव्हर काळवंडते कशाने?

ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. तो धातूचे रक्षणच करतो. पुष्कळ गाड्यांच्या कव्हरांवर कारखान्यातूनच पारदर्शक लॅकरचा हात दिलेला असतो. खडी उडून तो फुटला की खाली पाणी शिरते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळाभर चिकटून राहिला की मग पांढरी बुरशी उमटते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांची कव्हरे रंगवलेलीच येतात. ती खरवडू नयेत, धुणे पुरेसे आहे.

आधी आपली गाडी ओळखा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९९६ पर्यंत येझदी बनत होती. अजून काही घरांत ती आहे. तिच्या उजव्या कव्हराखाली वीज तयार करणारा भाग असतो, तेल नसते. नवशिक्याने तिथून सुरुवात करावी. डावीकडे क्लच आहे आणि तेलही. जुन्या बिडाच्या इंजिनच्या बुलेटचे डावे चेनकव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर बसते. त्यात इंजिनपेक्षा वेगळे तेल असते, ते आधी काढावे लागते. इतर गाड्यांनाही क्लचचे कव्हर उघडण्याआधी तेल काढायचे, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. जळके तेल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

काढताना

नवे पॅकिंग आणून ठेवल्याशिवाय पहिला स्क्रू ढिला करू नये. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढा, भोके पाडा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवा. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर कव्हर आवळले जात नाही, आटेही जातात. स्टार स्क्रू अडला तर साध्या पेचकसाने त्याचे डोके घासू नका. इंपॅक्ट ड्रायव्हर वापरा. कव्हर सुटेना तर लाकडी हातोडीने हळू ठोका. फटीत पेचकस खुपसला की तिथे खाच पडते आणि त्या खाचेतून तेल गळते.

जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ छातीत गेली तर आजार कैक वर्षांनी वर येतो. म्हणून पॅकिंग ओले करूनच लाकडी पट्टीने काढा. कोरडे घासू नका, फुंकर मारू नका, मुलांना जवळ बसू देऊ नका.

पॉलिश करताना

आपली घरे लहान. एकाच खोलीत चूल, पाळणा आणि अभ्यास. तेव्हा हे काम अंगणातच करावे. कव्हर पेट्रोलने धुऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत पोचते. संडासाचे ॲसिड आणि कॉस्टिक सोडा तर लांबच ठेवा. दोन्ही ॲल्युमिनियम खातात आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतात.

साबणाच्या पाण्यात भिजवून पॉलिश पेपर चालवा. आधी ३२० नंबर, मग ४००, ६००, १००० आणि शेवटी १५००. प्रत्येक नंबरला हाताची दिशा बदलायची. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. घाई करणाऱ्याच्या कव्हरावर चकाकीखालूनही रेघा दिसतात. पाण्याने धूळ उडत नाही, हा दुसरा फायदा. ॲल्युमिनियमची बारीक कोरडी धूळ पेट घेते. शेवटी जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने धातूचे पॉलिश लावावे आणि वर मेणाचा हात द्यावा. ड्रिलला बफ लावणार असाल तर चष्मा हवा. सैल बाही, ओढणी, मोकळे केस आवरून घ्या.

कव्हराच्या आतल्या बाजूला आणि पॅकिंग बसते त्या कडेला पॉलिश पेपर लावायचा नाही. काम झाल्यावर कव्हर साबणाने दोनदा धुऊन पूर्ण वाळवा. पेपरची कणभर वाळू तेलात गेली तरी बेअरिंग खाते.

बसवताना

नवे पॅकिंग लावा. सर्व स्क्रू आधी हाताने फिरवून घ्या, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियममधले आटे नाजूक असतात. तिथे ताकद दाखवली की नुकसान आपलेच. पुस्तिकेत दिले असेल तेच तेल, तेवढेच भरा.

गाडी पाच मिनिटे चालू ठेवा. रात्री इंजिनखाली कोरा कागद अंथरून ठेवा. सकाळी कागद कोरा असेल तर खुशाल पाळीला जा. तेलाचा डाग दिसला तर त्या दिवशी एसटीने जावे. गाडी संध्याकाळी पुन्हा उघडता येईल.