इंका मार्गावरील वाटचाल

पेरू देशात, उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यातून माचू पिच्चूकडे जाणारा जो प्राचीन इंका मार्ग पदयात्रिक बहुधा चार दिवसांत आक्रमितात, तो लांबीने अवघा ४३ किलोमीटरांच्या आसपास असला तरी, परवानाधारक वाटाड्यावाचून त्यावर पाऊल ठेवण्यास सक्त मज्जाव आहे. वाटाडे व हमाल धरून दिवसाकाठी ५०० माणसांनाच प्रवेश मिळतो, आणि फेब्रुवारीच्या पर्जन्यकाळात तो दुरुस्तीसाठी बंद राहतो.

या वाटेवरील सुमारे ४,२०० मीटर उंचीच्या वार्मिवान्युस्का खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने तीन-पंचमांशावर येत असल्यामुळे धडधाकट तरुणासही धाप, मस्तकशूळ व मळमळ गाठू शकते. म्हणून ३,४०० मीटरांवरील कुस्को नगरात आधी दोन-तीन दिवस मुक्काम करणे अत्यावश्यक होय.

परंतु या वाटेचा खरा भार ज्यांच्या पाठीवर असतो, ते तंबू, शिधा व भांडी वाहणारे हमाल बहुतांशी डोंगराळ गावांतील क्वेचुआभाषक शेतकरी असून, त्यांच्यावर मन मानेल तेवढा बोजा लादण्याची जुनी रीत मोडण्यासाठी २००१ साली कायदा झाला, त्याने २० किलोंची मर्यादा घातली, आणि नाक्यावर प्रत्येक ओझे तराजूवर चढू लागले. यात्रेची संस्था निवडताना दराच्या आधी हमालांची मजुरी, निवारा व अंथरूण-पांघरूण यांची पृच्छा करावी, असे मला आग्रहाने वाटते. त्यांची बक्षिसी शेवटच्या मुक्कामीच हाती द्यावी, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे ते आगगाडी गाठण्यासाठी वेगळ्या वाटेने खाली उतरतात.