पाचवी ते आठवी : मधल्या वयाची शाळा

जून उजाडला की शहागंज, किराडपुरा, बेगमपुरा, सगळीकडे एकच धावपळ. चौथी झालेल्या लेकराला पाचवीला कुठं घालायचं? अम्मी-अब्बांचा जीव दाखल्यात अडकलेला. प्रवेश मिळाला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. लेकराचं खरं अवघड मात्र तिथून सुरू होतं. आतापर्यंत एका बाईंच्या नजरेखाली होतं. बाईंना त्याचं घर ठाऊक, आजारपण ठाऊक. आता दर तासाला नवे सर, आणि साठ-सत्तर मुलांत याचं नावही कुणाच्या लक्षात नाही.

घरात बुजुर्ग असतील तर त्यांना विचारा. निजामाच्या राज्यात आपल्याकडे शाळेच्या तीन पायऱ्या होत्या : तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. म्हणजे खालची, मधली आणि वरची. ‘मिडल पास’ माणसाला समाजात किंमत होती. तिकडे मुंबई इलाख्यात सातवीच्या ‘फायनल’ला तोच मान, ती पास झालेला प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शके. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि वस्तानिया हा शब्द हळूहळू बोलण्यातून गेला. मधली इयत्ता कुठं प्राथमिकच्या शेपटाला, कुठं हायस्कूलच्या पायथ्याला जोडली गेली. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला उच्च प्राथमिक म्हटलं, २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने त्याच तीन वर्षांना पुन्हा ‘मधला टप्पा’ केलं. कागदावर. आपल्या बहुतेक शाळांची मोड अजून चौथी, सातवी आणि दहावीलाच आहे.

अमेरिकेने यावर बराच खटाटोप केला. तिथं आठवीनंतर पोरं शाळा सोडून कामाला लागत, म्हणून १९०९ मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात सातवी ते नववीची वेगळी शाळा निघाली. पुढे ती हायस्कूलचीच छोटी नक्कल झाली. मग १९६३ मध्ये विल्यम अलेक्झांडर या शिक्षणतज्ज्ञाने सांगितलं, की या वयासाठी या वयाचीच शाळा हवी. नुसती इमारत वेगळी करून भागत नाही, हे त्यांनाही पन्नास वर्षांनी कळलं.

या वयाचं असं वेगळं काय? अकरा ते चौदा या वर्षांत शरीर झपाट्यानं बदलतं. मुलीची पाळी सुरू होते, मुलाचा आवाज फुटतो. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं, म्हणून वर्गात चारचौघांत झालेला अपमान वर्षानुवर्षं सलतो. ‘का?’ हा प्रश्न याच वयात येतो, आणि आपण त्याला उद्धटपणा म्हणतो. घरात तर एकाच दिवशी ‘आता मोठी झालीस, रोजे धर’ आणि ‘तू लहान आहेस, मधे बोलू नको’ ही दोन्ही वाक्यं ऐकू येतात. हजरत अनस (रजि.) दहा वर्षांचे असताना प्रेषितांच्या (स.) सेवेत आले, दहा वर्षं राहिले, आणि त्यांना कधी साधं ‘उफ्’ही ऐकावं लागलं नाही. किशोरवयाचीच ती सगळी वर्षं.

झोपेचंही तसंच. या वयात झोप उशिरा येऊ लागते. तो मोबाइलचा दोष असतोच, पण शरीराचाही असतो. २०२४ साली शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. चांगलं केलं. पण ज्यांची झोप खरोखर पुढे सरकलेली असते, ती सहावी-सातवीची मुलं अनेक शाळांत सकाळी सातच्या शिफ्टला डुलक्या घेत बसतात!

शाळा सुटते तीही इथंच. सातवीपर्यंतचीच शाळा असेल तर पुढची लांब. मग मुलगी घरी बसते, मुलगा गॅरेजवर जातो. असं मूल एकदम शाळा सोडत नाही. आधी गृहपाठ थांबतो, मग शुक्रवारची दांडी, मग आठवडा. कुणीतरी पहिल्या आठवड्यात घरी निरोप धाडला तर पुष्कळदा ते परत येतं.

म्हणून यंदाच्या पालक सभेत फीबरोबर एवढं विचारा : पाचवी ते आठवी एकच वर्गशिक्षक ठेवता येतील का? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का? आणि माझं मूल तीन दिवस आलं नाही, तर मला फोन कोण करणार? त्यांचं नाव आणि नंबर त्याच दिवशी लिहून घ्या.