लेस्टरचं वार्तापत्र : बसल्या जागचे ९७

गेल्या रविवारी भडगावहून आबांचा फोन आला. कोविडला वर्षं लोटली, तरी पालुपद तेच : "बरा शे भो, फक्त चालताना दम लागस." बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के दाखवतो, म्हणून घरचे म्हणतात, मनाचं आहे. मला ते पटत नाही.

लेस्टरनं हा आजार जवळून पाहिलाय. २०२० च्या जूनअखेर बाकीचं इंग्लंड मोकळं होत होतं, तेव्हा आमचं शहर पुन्हा बंद झालं. त्या हिवाळ्यात एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, वयस्कर रुग्णांना घरी ऑक्सिमीटर देऊ लागली. पैसे नाहीत, बरं झालं की यंत्र परत करायचं. तेव्हाचा नियम असा : ९५ किंवा वर असेल तर घरीच, ९३-९४ आले तर एनएचएसच्या १११ नंबरला फोन, ९२ किंवा खाली गेलं की थेट हॉस्पिटल.

पण हे आकडे बसल्या जागचे. काजगाव स्टेशनात गाडी पाच मिनिटं थांबली, तर दार अरुंद असलं तरी सगळे चढतात. अर्धा मिनिट थांबली, तर निम्मे फलाटावरच. फुफ्फुसाचंही तसंच आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचं रक्त तिथून सावकाश जातं, ऑक्सिजन भरून घेतं. चालताना ते धावतं, आणि हवा नि रक्त यांच्यामधला पडदा आजारानं जाड झालेला असेल तर भरायला वेळ पुरत नाही. सहा मिनिटं चालून मोजायला आपल्याकडे सांगायचे, ते यासाठीच.

शिवाय सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये ते छापलं. ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या मार्गारेट व्हाइटहेड समितीचा अहवालही तेच सांगत मार्च २०२४ मध्ये आला. म्हणून एका आकड्यापेक्षा रोजचा चढउतार बघायचा.

आणि आकडा चालूनही टिकला, तरी दम खोटा ठरत नाही. अंथरुणात पायाचे स्नायू गळतात, श्वासाची लय बिघडते. त्यावर इथं व्यायामवर्ग असतात. शेजारच्या गुजराती मावशींबरोबर मी गेलो होतो. आधी चालण्याची चाचणी : जमिनीवर दोन शंकू, एका फेरीला दहा मीटर, टेपवर 'बीप'. बीपच्या आत पलीकडचा शंकू गाठायचा. दर मिनिटाला वेग वाढतो. १९९२ मध्ये सॅली सिंग आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी मांडली. त्याच सिंगबाई पुढे लेस्टरात कोविडनंतरच्या पुनर्वसनात आघाडीवर होत्या. पहिल्या दिवशी मावशी थोड्याच फेऱ्यांत भिंतीला टेकल्या. कुणी त्यांना मनाचं आहे म्हटलं नाही. फेऱ्या लिहून घेतल्या, पाणी दिलं, आणि पुढचा वार सांगितला.

आबा, एकदा जळगावच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना दोन आकडे लिहून न्या : बसल्याचा आणि चालून आल्यावरचा. त्यांनी हो म्हटलं, की गिरणा नदीच्या बाजूला सकाळी निघा, आणि रविवारी फोनवर सांगा, कुठपर्यंत गेलात.