घरातलाच सिनेमा का अडखळतो?

जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन किंवा प्लेक्ससारखं मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर टाकायचं, हार्डडिस्कमधले सिनेमे आणि लग्नाचे व्हिडिओ त्यात भरायचे आणि घरातल्या कुठल्याही पडद्यावर बघायचे, ही सोय आता अनेक घरांत रुळली आहे. सर्व्हर हॉलमध्ये, टीव्ही शेजारच्या खोलीत. तरीही ऐन रंगात आलेलं चित्र गोठतं आणि पडद्यावर चाक फिरू लागतं. मग इंटरनेटचा प्लॅन वाढवला जातो, आणि चाक फिरतच राहतं. कारण घरातल्या सर्व्हरकडून घरातल्या टीव्हीकडे जाणारा सिनेमा सहसा राउटरच्या पलीकडे जातच नाही. प्लॅन ३० मेगाबिटचा असो की ३०० चा, त्याला काही फरक पडत नाही.

मग घोडं पेंड खातं कुठे? आधी एक भागाकार करून बघा. दोन तासांची फाइल ९ गिगाबाइटची आहे. एका बाइटचे ८ बिट, म्हणजे ७२ गिगाबिट; भागिले ७,२०० सेकंद. उत्तर येतं सेकंदाला १० मेगाबिट. हा त्या फाइलचा सरासरी बिटरेट. प्लेअर पुढचा थोडा भाग आधीच आणून ठेवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. आवक खपापेक्षा कमी पडली की गच्चीवरच्या टाकीसारखा तो रिकामा होतो.

पण सरासरी फसवी असते. व्हिडिओ दाबताना प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाहीत. आधीच्या चौकटीपेक्षा काय बदललं, तेवढंच बहुतेक वेळा लिहून ठेवतात. लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकं चालू असताना सगळे स्तब्ध उभे असतात, तेव्हा थोडक्या बिटांत काम भागतं. ‘सावधान’ झालं, अक्षतांचा मारा सुरू झाला, की शेकडो दाणे प्रत्येक चौकटीत नव्या जागी दिसतात आणि बिटरेट एकदम उसळतो. पाऊस, धूळ, मारामारी यांचंही तेच. म्हणून चित्र नेमकं मोक्याच्या क्षणी अडतं.

ही उसळी वाय-फायला सोसत नाही. सर्व्हर आणि टीव्ही दोन्ही एकाच वाय-फायवर असतील तर तोच डेटा हवेतून दोनदा जातो: सर्व्हरकडून राउटरकडे, मग राउटरकडून टीव्हीकडे. वेग जवळपास निम्म्यावर येतो. त्यातून २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यांत सोसायटीतल्या सगळ्या राउटरांची दाटी. निदान सर्व्हर तरी लॅन केबलने राउटरला जोडावा. टीव्हीच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे. अनेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, आणि ४के ब्ल्यू-रे डिस्कचा प्रवाह १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झचं चांगलं वाय-फाय केबलला मागे टाकतं.

नेटवर्क मोकळं असूनही अडत असेल, तर सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडावा. तिथे ‘डायरेक्ट प्ले’ दिसलं तर फाइल आहे तशी जाते आहे. ‘ट्रान्सकोड’ दिसलं तर सर्व्हर ती वाटेतच उलगडून पुन्हा नव्याने दाबतो आहे. फाइल २०१३ च्या एचईव्हीसी पद्धतीची आणि टीव्हीला २००३ चं एच.२६४ तेवढं कळतं, असं असलं की हे घडतं. सबटायटलही असाच घोळ घालतात. ब्ल्यू-रेवरून उतरवलेल्या फाइलींत ते अक्षरांच्या नव्हे, चित्रांच्या रूपात असतात. टीव्हीला ते दाखवता आले नाहीत तर सर्व्हर ते प्रत्येक चौकटीवर चिकटवतो. ४के चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे दर सेकंदाला २० कोटी बिंदू उलगडायचे आणि परत बांधायचे. जुना लॅपटॉप तिथे हात टेकतो. सबटायटल बंद करून बघा. चित्र सुरळीत झालं तर दोष सापडला. त्याऐवजी एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची फाइल वापरावी. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत २०११ पासून क्विक सिंक नावाचा खास भाग असतो. सेटिंगमध्ये तो चालू केला की बराच भार हलका होतो, मात्र जुन्या पिढीच्या चिपला एचईव्हीसी झेपत नाही.

घराबाहेरून बघताना प्रश्न उलटा होतो. परदेशातल्या मुलाने फोनवर ६० मेगाबिटची फाइल तशीच लावली तर तासाला २७ गिगाबाइट डेटा घरातून बाहेर पडतो. मर्यादा ४ मेगाबिटवर आणली तर १.८ गिगाबाइटच, आणि फोनच्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही. पण ती मर्यादा पाळायला सर्व्हरला पुन्हा ट्रान्सकोडिंगच करावं लागतं. बँडविड्थ वाचवली तर प्रोसेसर राबतो, प्रोसेसर वाचवला तर बँडविड्थ जाते. यावर तोडगा म्हणजे बाहेर बघण्यासाठी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने आधीच एक लहान प्रत करून ठेवणं. ते काम रात्रभर चाललं तरी कुणाचं अडत नाही.

शिवाय बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून घरी सरळ शिरता येत नाही. आयपीव्ही६ किंवा वायरगार्डवर चालणारी टेलस्केलसारखी सोय तिथे कामी येते. एवढं सगळं करूनही बाहेर पाठवायचा वेग तोकडा पडला, तरच प्लॅन वाढवावा. आणि तेव्हाही जाहिरातीतला डाउनलोडचा आकडा बाजूला ठेवून अपलोड किती, ते आधी विचारावं.