नकाशातला पांढरा रंग

पालघर जिल्ह्यातल्या मनोरच्या मस्तान नाक्यावर उभं राहिलं की हायवे, ढाबे, गोदामं आणि मागचे डोंगर दिसतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथे काय होतं ते दिसत नाही. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं जुनं टोपोशीट, म्हणजे स्थलदर्शक नकाशा, उलगडावं लागतं. मनोर येतं ४७ ए/१४ या शीटवर, तेही पार वरच्या काठाला. वर उत्तरेचा अशेरीगड १३ नंबरच्या शीटवर गेलाय. म्हणजे मनोरकराला सुरुवातच दोन शीटं जोडून करावी लागते.

आधीची शीटं इंचाला मैल या मापाची, नंतरची १:५०,००० ची. त्यांत कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. हिरवा रंग झाडीचा, पिवळा लागवडीचा. रंगांकडे वळण्याआधी मात्र समासात पाहणी कोणत्या साली झाली ते वाचावं. छपाईचं साल वेगळं असतं आणि पुष्कळांचा हिशेब तिथेच चुकतो.

क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही जुनी शीटं आजच्या उपग्रहचित्रावर बसवता येतात. त्यासाठी दोन्हीकडे सापडणाऱ्या, जागच्या न हललेल्या खुणा हव्यात. हायवे रुंद झालाय, त्याच्यावर भिस्त ठेवू नये. अशेरीचा माथा चालतो. मग तारापूरचं १९६९ मध्ये सुरू झालेलं अणुवीज केंद्र, बोईसरची एमआयडीसी, २०१४ मध्ये जिल्ह्याचं ठिकाण झालेलं पालघर, सगळं भराभर उलगडतं. धामणी धरणाच्या जागी तर आजच्या निळ्या पाण्याखालून जुन्या शीटवरच्या समोच्च रेषा जाताना दिसतात, दरीचा उतार दाखवत.

माझं लक्ष मात्र पांढऱ्या रंगावर अडतं. ना झाडी, ना लागवड, ती जागा पांढरी. जमीनवापराच्या अभ्यासाच्या तक्त्यात तिला सर्रास ‘पडीक’ लिहितात, आणि हे मला साफ चुकीचं वाटतं. या पट्ट्यात डोंगरउतारावर वरकस जमिनी होत्या. एखाद्या वर्षी तिथे नाचणी-वरी, मग काही वर्षं नुसतं गवत. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळा आणि गवत अशाच जागांतून यायचं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या या उत्तर भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. १९४५च्या वारली उठावात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली आदिवासी लढले, त्यातली एक मोठी मागणी गवतकापणीच्या मजुरीचीच होती. ज्या जमिनीवरून एवढा लढा झाला, ती नकाशात कोरी!

कोऱ्या जागेवर शेड उभी राहिली तर तक्ता म्हणतो, पडिकाची उद्योगाची जमीन झाली. गेलं काय, त्याला रकानाच नसतो.

म्हणून शीटवर पांढरं दिसलं की त्याची प्रत घेऊन जवळच्या पाड्यावर जावं. गवत कोण कापायचं, भारे कुठे जायचे, गुरं कुणाची चरायची, हे विचारावं. पाड्यावरची म्हातारी माणसं त्या जागेचं नावही सांगतील. ते पेन्सिलीने शीटवर लिहून घ्यावं.