पहिली फेरी आवरावी, वेळ सुधारेल

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांच्या १६०० मीटर व मुलींच्या ८०० मीटर धावण्याला २० गुण असतात. भरतीची वाट धरणाऱ्या मुलामुलींचे भवितव्य या काही मिनिटांवर अवलंबून असते. म्हणून नवोदित धावपटूंनी व पालकांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

१६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. या अंतरात बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. ही क्षमता रोज जीव तोडून धावण्याने नव्हे, तर नियमित, सावकाश धावण्याने वाढते. आठवड्यातून तीन दिवस, सोबत्याशी बोलता येईल अशा गतीने २५ ते ३० मिनिटे धावावे. एक दिवस अपेक्षित गतीने ४०० मीटरच्या चार फेऱ्या काढाव्यात. प्रत्येक फेरीनंतर तीन मिनिटे चालावे. एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, कारण शरीराची झीज विश्रांतीतच भरून निघते. नडगी दुखू लागल्यास सराव थांबवावा.

चाचणीत पहिली फेरी वेगाने काढण्याचा मोह होतो. त्याने पाय लवकर जड होतात आणि आरंभी वाचवलेले सेकंद शेवटी दुपटीने गमवावे लागतात. सहा मिनिटांचे लक्ष्य असेल, तर प्रत्येक फेरीस ९० सेकंद द्यावेत. राखलेले बळ शेवटच्या २०० मीटरमध्ये लावावे.

जाहिरातीची वाट न पाहता तीन-चार महिने आधी सरावास लागावे. घड्याळापुढे शिफारस चालत नाही. आपल्या मुलांच्या दृष्टीने ही मोठीच जमेची बाजू आहे.