जुना कॉम्प्युटर भंगारात काढताय? आधी डिस्क बदला, पण चुकीची एसएसडी घेऊ नका!

गावातलं सेवा केंद्र, शाळा किंवा घर, दहा-बारा वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर आजही अनेक ठिकाणी चालू आहेत. बटण दाबलं की सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं. मग 'मशीन म्हातारं झालं' म्हणून नव्यासाठी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. पण बऱ्याचदा दुखणं प्रोसेसरचं नसतं, हार्ड डिस्कचं असतं.

डिस्क हळू का पडते?

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई जागा शोधत हलते. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली सेकंदाला साधारण शंभरच्या आसपासच वाचता येतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. विंडोज सुरू होताना अशाच लहान फाइली लागतात, म्हणून फरक लगेच जाणवतो.

कोणती घ्यायची?

अडीच इंची सॅटा एसएसडी. मशीनला सॅटा सॉकेट असेल तर ती जुन्याच केबलवर बसते. जुन्या बोर्डावर सॅटा-२ असेल तर वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आत राहील, नव्या बोर्डावर ५५० पर्यंत जातो. रोजच्या कामात हा फरक फारसा कळत नाही.

दुकानात पातळ पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडीही मिळते. ती आणखी वेगवान, पण इथेच फसगत होते. कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी बायोस नावाचा प्रोग्रॅम चालतो आणि तो डिस्क शोधतो. साधारण २०१४ पूर्वीच्या बहुतेक बोर्डांच्या बायोसला एनव्हीएमई ओळखताच येत नाही. कार्ड लावून ती जोडली तर विंडोज १० मध्ये फाइली ठेवायला चालते, पण तिच्यावरून मशीन सुरू होत नाही. पेनड्राइव्हवर 'क्लोव्हर'सारखा बूटलोडर टाकून मार्ग निघतो; मात्र तो पेनड्राइव्ह कायम लावून ठेवावा लागतो. रोजच्या कामाच्या मशीनवर हा खटाटोप नकोच.

बसवताना हे बघा

- आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप घ्या.
- बायोसमध्ये सॅटा मोड 'आयडीई' असेल तर 'एएचसीआय' करा. त्यामुळे डिस्क एकाच वेळी अनेक कामं रांगेत घेते. हा बदल विंडोज टाकण्याआधी करा. विंडोज आधीच असताना थेट बदलला तर निळी स्क्रीन येऊ शकते. तसं झालं तर मोड पुन्हा पूर्वीसारखा करा.
- जुन्या बायोसवर विंडोजची डिस्क २ टीबीपर्यंतचीच घ्या. २४० किंवा ५०० जीबी पुरेशी आहे.
- बायोस अपडेट करायचाच असेल तर यूपीएसवर करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो.

एवढ्याने सगळं सुटेल का?

नाही. रॅम २ जीबी असेल तर तीही वाढवावी लागेल. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर होत असतील तर लिनक्सचा विचार करा; जुन्या मशीनवर तेही एसएसडीसोबत छान पळतं.

दुकानात जाताना बोर्डाचं मॉडेल लिहून न्या आणि 'सॅटा एसएसडी' असं स्पष्ट सांगूनच घ्या.